पगारे सरांचा डावा हात

पगारे सरांचा डावा हात मी फार थोडा पाहिला. उजवा अजून डोळ्यांसमोर आहे: लांब बोटं, अंगठ्याच्या नखात कायमचं काळं वंगण, मनगटावर लेथच्या गरम चुरीने भाजल्याचे बारीक ठिपके. डावा मात्र चालताना खिशात, स्टाफरूममध्ये बसले तरी खिशात, तपासणीला साहेब आले तरी खिशात. राष्ट्रगीताला तेवढा बाहेर यायचा, तोही पँटवर खिशाच्या जागी दाबून धरलेला.

नाशिकरोडच्या आमच्या टेक्निकल शाळेत मी मराठी शिकवायचे आणि ते वर्कशॉप. दुष्काळाच्या वर्षी मी तिथे लागले तेव्हा ते आधीपासून होते. उंच, सडपातळ, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि चेहऱ्यावर सतत काहीतरी ऐकत असल्यासारखा भाव. संस्कृतचे जोशी सर एक तारखेला हमखास म्हणायचे, "पगार झाला की पगारे हात बाहेर काढत नाहीत, हे एक वेळ समजू शकतो. पण महिनाअखेरीला काय सांभाळतात हो?" सगळे हसायचे. पगारे सरही हसायचे, पण हात काही बाहेर यायचा नाही.

माझं त्यांच्याशी पहिलं बोलणं म्हणजे भांडणच झालं. माझ्या भावाने मला मुंबईहून बटनाचं पेन आणून दिलं होतं. तेव्हा त्याचं अप्रूप होतं. निबंध तपासताना विचार करायचा झाला की मी ते टकटक वाजवत बसायचे. एके दिवशी हे गृहस्थ टेबलासमोर येऊन उभे राहिले.

"देवरेबाई, एक विनंती आहे. झाकणाचं पेन वापराल का?"

"का हो? याने काय बिघडलं?"

"आवाज होतो."

"पोरं आख्खी शाळा डोक्यावर घेतात, ते चालतं तुम्हाला. माझं पेन तेवढं खुपतं?"

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर शाईचं नवं पेन होतं, झाकणाचं, निबसुद्धा घासून गुळगुळीत केलेली. मला रागच आला. हा कोण टिकोजीराव लागून गेला, मी काय वापरायचं ते ठरवणारा! पेन परत करायला मी तरातरा वर्कशॉपकडे निघाले आणि दारातच थांबले. सर कामाला सुरुवात करत होते. त्यांनी भिंतीकडच्या टेबलाचा ड्रॉवर किल्लीने उघडला, डाव्या खिशातून काहीतरी काढून आत ठेवलं, कुलूप लावलं, कुलूप दोनदा ओढून पाहिलं आणि मग अंगावर खाकी एप्रन चढवला. त्यानंतर दोन्ही हातांनी काम सुरू झालं. का कोण जाणे, मी पेन न देताच परत आले. ते मी पुढे पुष्कळ वर्षं वापरलं.

त्यांचा आवडता शब्द 'खिटी'. कुठलीही उघडमीट होणारी वस्तू दिसली की त्यांचा पहिला प्रश्न, "याला खिटी आहे का?" खिटी म्हणजे वस्तू आपोआप उघडू नये म्हणून बसवलेला अटकाव. कपाटाला, खिडकीला, घडीच्या खाटेला, डब्याच्या कडीला, सगळ्याला त्यांना खिटी हवी. पावसाळ्यात स्टाफरूमच्या कोपऱ्यात बटनाच्या छत्र्या ठेवलेल्या असायच्या. मधल्या सुट्टीत हे जाऊन प्रत्येक छत्रीला सुतळीचा फास बांधून ठेवायचे. शाळा सुटल्यावर जोशी सर पावसात उभे राहून सुतळीशी झटापट करताना मी पाहिलेले आहेत. एकदा दारावर छत्र्या विकणारा आला. त्याने फटकन छत्री उघडून दाखवली, तर सर दोन पावलं मागे सरकले आणि म्हणाले, "उघडते कशी ते राहू द्या. उघडत नाही कशी, ते दाखवा." तो बिचारा छत्री मिटून निघून गेला.

अशा माणसाला छंद कसला असावा? चाकूंचा. तोसुद्धा मिटणाऱ्या, खिशात ठेवायच्या चाकूंचा. वर्कशॉपच्या कपाटात त्यांचा एक पसरट लाकडी ट्रे होता, आत हिरवं कापड आणि त्यावर ओळीने चाकू. मी झाकणाचं पेन वापरायला लागल्यावर माझ्यावर मेहेरनजर झाली आणि एका दुपारी तो ट्रे मला पाहायला मिळाला.

"चाकूत पातं बघू नका, बाई," ते म्हणाले. "पातं सगळ्यांचं सारखंच. तो उघडतो कसा, ते बघा. खरी गोष्ट तिथंय."

त्यांच्या सांगण्याप्रमाणे, माणूस घरात होता तोवर त्याला विळी पुरत होती. वाटेला लागला, तेव्हा पातं मुडपून बरोबर न्यायची पाळी आली. सगळ्यात साधा चाकू म्हणजे चिरलेला लाकडी दांडा, त्यातून आरपार एक खिळा आणि खिळ्यावर फिरणारं पातं. पात्याला मागे लोखंडाची शेपूट काढलेली. मूठ आवळली की शेपूट मुठीत दाबली जाते आणि पातं बोटांवर मिटत नाही. मग कुणीतरी मुठीच्या पाठीत पोलादाची पट्टी बसवली. ती पट्टी पात्याला उघडंही धरते आणि मिटलेलंही धरते. ते उघडायला पात्यावर नखाएवढी खाच असते. एका हातात मूठ, दुसऱ्या हाताचं नख खाचेत. हा त्यांचा सगळ्यात लाडका. "सभ्य चाकू," ते म्हणायचे. "दोन हात लागतात ना, तोवर माणसाला विचार करायला वेळ मिळतो." त्याच्या पुढे रामपुरी, कडकड दात मोजत उघडणारा. आणि शेवटी हिरव्या कापडावर एक रिकामी जागा.

"इथे काय?"

"बटनाचा. आत स्प्रिंग असते. बटन दाबलं की पातं आपणहून बाहेर. त्याला माणूस लागतच नाही."

"मग ठेवला का नाही?"

त्यांनी ट्रे आत सरकवला. दार लावताना म्हणाले, "बाई, तुम्हाला काय वाटतं? ज्याने पहिल्यांदा असा चाकू केला, त्याने स्प्रिंग आधी केली असेल की खिटी?"

"म्हणजे?"

"म्हणजे, असा चाकू खिशात आपोआप उघडू शकतो हे त्याला आधीच सुचलं असेल, की नंतर कळलं असेल? कळलं असेल, तर कशावरून?"

हा प्रश्न ते सगळ्यांना विचारायचे. देवळाली कॅम्पातून पोरांच्या चौकशीला येणाऱ्या जवानांना, ओझरच्या विमान कारखान्यात लागलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना, धार लावणाऱ्या फिरस्त्यांना. जोशी सर म्हणाले, "हे अंडं आधी की कोंबडी असं झालं." बाकीचे हसले. पगारे सर या एका विनोदाला कधी हसले नाहीत. ते उत्तराची वाट बघत उभेच राहिले. त्या प्रश्नावर या माणसाचं काहीतरी अडलेलं आहे, हे मला तेव्हा प्रथम जाणवलं आणि मी थट्टा करायची थांबले.

उत्तर शोधायला ते बुधवारच्या बाजारात जायचे. गोदावरीच्या काठी भाजी, घोंगड्या, मडकी मागे टाकून पुढे गेलं की जुन्या सामानवाल्यांची रांग लागायची. तिथे गफूरचाचा ताडपत्री पसरून बसलेले असायचे: गंजके नळ, कुलपं, फुटके कंदील आणि एखादा चाकू. मी भाजीला गेलेली असले की सर दिसायचे, ताडपत्रीपुढे उकिडवे बसलेले, डावा हात तशातही खिशात. एकदा त्यांनी जंगाने माखलेला एक चाकू आणला आणि स्टाफरूममध्ये जाहीर केलं, "पेशवाईतला आहे. घाट बघा, घाट." दोन दिवस ते त्याच्यावर रॉकेलची चिंधी घासत होते. तिसऱ्या दिवशी जंगाखालून इंग्रजी अक्षरं निघाली आणि त्यांतला एक शब्द होता 'स्टेनलेस'. जोशी सरांनी तो आठवडा साजरा केला. "पेशव्यांचं दूरदर्शीपण बघा!" पगारे सरांनी शांतपणे तो चाकू ट्रेमध्ये ठेवला आणि खाली चिठ्ठी लावली, 'पेशवाईतला नाही.' अशा त्यांच्या फजित्या पुष्कळ झाल्या. अर्ध्याअधिक गोष्टी ते ठोकून द्यायचे, असं माझं आजही मत आहे.

वागण्यात आणखीही काही खुणा होत्या. कुणाच्याही लग्नाला ते गेले नाहीत. आहेर वेळेवर पाठवायचे, ताटवाट्या, स्टो, एकदा शिवणयंत्राचा दिवा. पण स्वतः नाही. स्वतःचंही लग्न केलेलं नव्हतं. जेल रोडला एका खोलीत एकटे राहायचे. आणि शाळेत पोहे आले की ताटलीतली लिंबाची फोड आधी उचलून कागदात गुंडाळायचे आणि बाहेर टाकून यायचे, मगच खायला बसायचे. मी एकदा विचारलं, "आंबट चालत नाही का?" तर म्हणाले, "चिंच चालते."

मग शाळेत शिंदे हवालदार आले. सिन्नरकडचे, तोफखान्यातून निवृत्त झालेले. उजवा हात कोपरापासून खाली सीमेवरच राहिला होता. आमच्याकडे रखवालदार म्हणून लागले. मिशा झुपकेदार, आवाज कवायतीच्या मैदानाचा. त्यांच्याजवळ एक साधा नखाच्या खाचेचा चाकू होता. मूठ डाव्या हातात धरून पातं दातांनी ओढून उघडायचे आणि पेरू कापायचे. पोरं ते बघायला जमायची. पण एका हिवाळ्यात हवालदार वर्कशॉपच्या दारात येऊन उभे राहिले. मी तेव्हा वार्षिक प्रदर्शनाच्या पाट्या लिहून द्यायला तिथेच बसले होते.

"सर, एक काम व्हतं. एका हातानं उघडंल असा चाकू करून द्या. बटनाचा."

"नाही जमणार, हवालदार."

"तुम्हाला नाय जमणार तर कोनाला जमंल? दात हायेत तोवर चाललं. पन आता एकेक चाललाय. परवा पेरू राहिला बाजूला, दातच पात्याला लटकला."

मी हसले. सर हसले नाहीत. "बाजारातून घ्या," ते म्हणाले.

"बाजारातल्याचा भरवसा नाय. तुमच्या हातचा पायजे."

"सांगितलं ना, नाही म्हणून!"

त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. हवालदारांनी टाचा जुळवल्या, डाव्या हाताने सलाम केला आणि गेले. त्यानंतर ते सरांशी बोलेनासे झाले. फाटक उघडायचे, पण मान वळवायचे. हे महिनाभर चाललं. मला राहवेना. एका अपंग माणसाने तोंड उघडून काही मागितलं आणि याने खेकसावं? एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी वर्कशॉपमध्ये गेले आणि चांगलं फैलावर घेतलं. "ट्रेभर चाकू जमवता, जगाला त्यांचा इतिहास सांगता, आणि ज्याला खरोखर गरज आहे त्याला एक चाकू करून देता येत नाही? एवढा कसला ताठा?"

सरांनी हातातली कानस खाली ठेवली. किल्ली काढून तो ड्रॉवर उघडला. आतून एक चाकू काढून माझ्यासमोर ठेवला. काळ्या शिंगाची मूठ, पितळेचं बटन. सुंदर होता. मी हात पुढे केला तसा त्यांनी चटकन आपला तळवा त्याच्यावर ठेवला.

"हा मीच केलाय," ते म्हणाले. "माझ्या भावाच्या लग्नासाठी."

मग त्यांनी सांगितलं. उभ्याउभ्याच, चाकूवरचा हात न काढता.

त्यांचं गाव नांदगावकडचं. धाकटा भाऊ रतन. त्याचं लग्न ठरलं तेव्हा यांना वर्कशॉपची नोकरी लागून वर्ष-दोन वर्षं झाली होती. त्यांच्याकडे पूर्वी हळद लागली की नवरदेवाच्या हातात कट्यार देत, टोकाला लिंबू खोचून. नजर लागू नये, बाहेरचं काही बाधू नये म्हणून. लग्न लागेपर्यंत नवरदेवाने लोखंड अंगावेगळं करायचं नाही. धम्म घेतल्यावर घरातून या गोष्टी गेल्या. लग्न पांढऱ्या कपड्यांत, वंदना घेऊन, साधेपणाने लावायचं ठरलं होतं, आणि दोघा भावांना ते मनापासून हवं होतं. पण आईचा जीव राहीना.

"आई म्हणाली, कट्यार नको तर नको. पण लोखंड असू दे रं पोराच्या अंगाशी. रात्र रात्र रडायची. लग्न लावणाऱ्या आचार्यांना तर काय सांगणार? मग मीच युक्ती काढली. मिटणारा चाकू करायचा. खिशात राहील, कुणाला दिसणार नाही. आईचंही मन राहील आणि आमचंही. उजव्या खिशात लिंबू, डाव्या खिशात चाकू. रतन हसत होता. म्हणाला, दादा, करतोस तर बटनाचा कर, मित्रांना दाखवीन."

त्यांनी स्प्रिंग तयार केली. ती फार छान जमली. खिटी बसवायची होती, पण सुट्टी संपत आली, गाडी गाठायची होती. लग्न झाल्यावर बसवू म्हणाले.

आदल्या संध्याकाळी गावातून मिरवणूक निघाली. बँड होता. मित्रांनी रतनला खांद्यावर उचलून नाचवलं. कुणाच्या तरी खांद्याने खिशातलं बटन दाबलं गेलं.

"त्याला वाटलं, कुणीतरी मांडीला चिमटा काढला. तो हसतच होता, बाई. सकाळी लग्नाला पांढरे कपडे घालायचे, म्हणून तेव्हा काळी टेरिकॉटची पँट घातलेली. रक्त दिसलंच नाही. खाली उतरवला तेव्हा पाय धरेना. नांदगावला पोहोचेपर्यंत संपला होता."

"मी त्याच्या शेजारून चालत होतो. हाताच्या अंतरावर. चाकू उघडल्याचा आवाज झालाच असणार. टक्. पण बँड वाजत होता, मला ऐकू आला नाही." त्यांनी चाकूवरचा हात आणखी दाबला. "तेव्हा ऐकू आला नाही, म्हणून आता सगळीकडे येतो. पेनात, छत्रीत, पेटीच्या कडीत. प्रत्येक वेळी वाटतं, आत्ता वळलो तर वेळेत पोहोचेन."

पोलिसांनी अपघात म्हणून कागद मिटवला आणि पुष्कळ महिन्यांनी चाकू परत दिला. त्यांनी तो फेकला नाही. दुसऱ्या कुणाच्या हाती लागला तर? खिटीही बसवली नाही. आता कुणासाठी बसवायची? तेव्हापासून तो त्यांच्या डाव्या खिशात, आणि त्यांचा अंगठा बटनाच्या बाजूला, पात्यावर दाबलेला. त्यांचा हातच त्या चाकूची खिटी झाला होता.

"आई काही बोलली?" मी विचारलं.

"कधीच नाही. तिला वाटायचं तिनं हट्ट केला म्हणून गेला. मला वाटायचं मी घाई केली म्हणून. दोघं एका चुलीपुढे बसून जेवायचो. बोलली असती तर बरं झालं असतं. मग तीही गेली."

त्या दिवशी मी घरी येऊन खूप रडले. आणि त्यांच्या प्रश्नाचा अर्थ मला कळला. स्प्रिंग आधी की खिटी? पहिल्या कारागिराने दोन्ही एकदमच केल्या असतील, तर तो शहाणा आणि हे एकटेच गुन्हेगार. पण त्यानेही खिटी नंतर बसवली असेल, तर जगात आणखी कुणीतरी असा हात खिशात घालून जगला असेल. एवढंच त्यांना हवं होतं. कुणीतरी सोबतीला हवं होतं.

हवालदारांना मी काहीही सांगितलं नाही. पण त्यांनी काय ओळखलं कोण जाणे, सोमवारी फाटकाशी सरांना बघून पूर्वीसारखा सलाम ठोकला. "राहू द्या सर," म्हणाले. "मी पेरू चावून खातो."

त्यानंतर दोनएक वर्षं गेली. एका गुरुवारी सर मधल्या सुट्टीत माझ्याकडे आले. चेहरा ओढलेला. रुमालात गुंडाळलेलं काहीतरी टेबलावर ठेवून म्हणाले, "काल गफूरचाचांकडे मिळाला. बघा."

जुना, परदेशी घडणीचा बटनाचा चाकू होता. आतली स्प्रिंग कधीच मोडलेली, त्यामुळे भीती नव्हती. बटनाशेजारी सरकती खिटी होती. त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. मला यातलं काही कळत नाही, पण एवढं मलाही दिसलं: मुठीचं सगळं पितळ एका रंगाचं आणि खिटीचं वेगळं, लालसर. मुठीवरची वेलबुट्टी इतकी नाजूक कोरलेली आणि खिटीसाठी ती मधोमध कानशीने खरवडून काढलेली. वेलीचं एक पान अर्धंच राहिलं होतं.

"आधीची तुटली असेल, म्हणून नवी बसवली असेल," मी म्हटलं.

"आधीची असती, तर तिची जागा सोडून वेल कोरली असती. इथे वेल आधी झाली. चाकू पुरा झाला, पॉलिश झाला, वापरात आला. मग कुणीतरी येऊन ही खिटी बसवली. घाईघाईनं. हात थरथरत असल्यासारखी."

"म्हणजे तुमचं उत्तर मिळालं."

"हा काही जगातला पहिला नसेल. पहिला कोण ते नाही कळायचं." त्यांनी चाकू रुमालात परत गुंडाळला, फार हळू. "पण मी पहिला नाही, एवढं कळलं."

मला वाटलं, आता यांचा चेहरा उजळेल. इतक्या वर्षांचं ओझं उतरेल. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मलाही वाटलं होतं हलकं वाटेल. नाही वाटलं, बाई. रात्रभर त्या कारागिराच्या माणसाचाच विचार करत होतो. कोण असेल? कुणाच्या खिशात उघडला असेल? इतके दिवस एकाचं ओझं होतं. आता दोघांचं झालं."

घंटा झाली. ते तासावर गेले.

पण पुढच्याच आठवड्यात त्यांनी हवालदारांना वर्कशॉपमध्ये बोलावून त्यांच्या डाव्या पंजाचं माप घेतलं. अंगठा कुठवर पोहोचतो, किती जोर लागतो, सगळं पाहिलं. आणि मग त्यांनी चाकू करायला घेतला तो उलटा. आधी खिटी. नुसती खिटी, एका पितळी तुकड्यावर. ती सरकवत, दाबत, बाकावर आपटत त्यांनी महिना काढला. मग मूठ. मग पातं. स्प्रिंग सगळ्यांत शेवटी. चाकू हातात पडल्यावर हवालदारांनी आधी खिटी सरकवली, मग बटन दाबलं, आणि लगेच कुरकुर सुरू केली.

"अंगठा येक आन् कामं दोन! लय आडेल चाकू केला सर तुम्ही."

"तसाच राहू द्या," सर म्हणाले. "अडेल हवा."

हवालदार तो चाकू दाखवत गावभर फिरले. बटन दाबताना मात्र ते आधी इकडेतिकडे बघायचे, सर जवळपास नाहीत ना म्हणून. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

सर निवृत्त झाले तेव्हा ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. ट्रे त्यांनी वर्कशॉपला दिला. हिरव्या कापडावरच्या रिकाम्या जागेत गफूरचाचांकडचा तो वेलबुट्टीचा चाकू होता. खाली नेहमीसारखी चिठ्ठी होती, पण कोरी.

जायच्या दिवशी स्टाफरूममध्ये येऊन ते मला म्हणाले, "बाई, तुमचं ते बटनाचं पेन आहे का अजून?"

ते माझ्या टेबलाच्या खणात तळाशी पडलेलं होतं. रिफिल वाळलेली.

"वाजवा एकदा."

"कशाला उगीच?"

"वाजवा."

मी वाजवलं. टक्. त्यांची पापणी लवली. मान किंचित डावीकडे वळली, बाजूने कुणी चालत असावं तशी. मग ते म्हणाले, "हं," आणि खिशातून रतनचा चाकू काढून माझ्या हातावर ठेवला. काळं शिंग, पितळेचं बटन, आणि त्याच्या शेजारी एक नवी, बारीक खिटी.

"दाबा बटन."

मी भीतभीत दाबलं. काही झालं नाही.

"जोरात. अंगठ्याने."

मी अंगठ्याचं नख पांढरं होईपर्यंत जोर लावला. पातं जागचं हललं नाही. "छान झाली हो," मी म्हटलं. ते मान हलवत राहिले. एवढ्या वर्षांत त्यांना इतकं मोकळं मी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी मी आणि हवालदार त्यांना नाशिकरोड स्टेशनवर पोहोचवायला गेलो. ते नांदगावला, गावच्या घरी राहायला निघाले होते. एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात वळकटी. त्यांना दोन्ही हात बाहेर ठेवून चालताना मी पहिल्यांदाच बघत होते. हवालदार ट्रंक घ्यायला पुढे झाले, तर म्हणाले, "राहू द्या, आज दोन्ही हात आहेत मला."

पॅसेंजर आली. त्यांना खिडकी मिळाली. सामान वर ठेवून ते बसले, गजांतून आमच्याकडे बघून हसले. हवालदारांनी सलाम केला. फलाटावर कुणीतरी ट्रंकेची कडी बंद केली, टक्.

गाडी हलली तेव्हा त्यांनी उजवा हात बाहेर काढून हलवला. डावा खिशात गेला होता.